स्मरणार्थ ॲम्प्लिफायर

पार्वतीआत्याचा आवाज दुरुस्त करायला मी निघालोच नव्हतो. मी ॲम्प्लिफायर दुरुस्त करायला निघालो होतो, आणि तसं मी विहार समितीला लेखी दिलेलं आहे. तो कागद समितीच्या फायलीत आहे. त्याच फायलीत माझ्याविरुद्धचे अकरा अर्जही आहेत, पण ते नंतरचे.

नारायणगुड्यातल्या आमच्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना होते. आत्या माइकवर बसून ओळ उचलते आणि बाकीचे तिच्या आवाजात आवाज मिळवतात. तीस वर्षं हे असंच चालू आहे. आत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली. लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहते, आणि घरात कुणाला काही सांगायचं असलं तर पलीकडच्या गल्लीलाही कळेल अशा आवाजात सांगते. म्हणजे सांगायची. गेल्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर फेब्रुवारीतल्या एका रविवारी शेवटच्या रांगेतून नागसेनकाकांनी हात वर केला आणि ऐन वंदनेत सांगितलं, “मागे काहीच ऐकू येत नाही.”

नागसेनकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि बँकेत काम करतात. दिवसभर काचेच्या आत बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतात, त्यामुळे रविवारी त्यांना स्वतःचं एखादं गाऱ्हाणं लागतं.

समितीचे अध्यक्ष उत्तमराव. सिकंदराबादला रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजूनही कुठलाही निर्णय घेतला की उजवा हात खिडकीतून बाहेर काढल्यासारखा लांब करतात. त्यांनी हात लांब केला.

“बुद्धपौर्णिमेला चारशे लोक येतात. तोवर आवाज नीट झाला तर ठीक. नाही झाला तर मोबाइलवर रेकॉर्ड केलेली वंदना लावू. पार्वतीबाईंनाही आराम होईल.”

घरी आल्यावर आत्यानं रविवारची पांढरी साडी घडी करून खुंटीवर न ठेवता कपाटात पार तळाशी, हिवाळ्याच्या रगाखाली ठेवली. मी ते पाहिलं आणि संध्याकाळी जाहीर केलं की दोष आत्याचा नसून सेटचा आहे आणि पौर्णिमेपर्यंत सेट मी सुधारीन.

मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. एकानं बिघडवलेलं दुसऱ्यानं कसं दुरुस्त करावं, याच्या मीटिंगा लावणं हे माझं काम. त्यामुळे मला आत्मविश्वास होता.

पुढच्या रविवारी मी समितीपुढे चौदा स्लाइडचं सादरीकरण केलं. मुद्दा असा की, सेट म्हणजे एक वस्तू नव्हे. माइक, मिक्सर, ॲम्प्लिफायर, कर्णे असे सुटे भाग आहेत, आणि ते एकमेकांना ठरावीक जोडांनी जोडलेले आहेत. जोड तोच ठेवला तर कुठलाही एक भाग बदलता येतो, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. एकेक भाग सुधारत गेलं की हळूहळू सगळा सेट सुधारतो, आणि बिघाड झालाच तर तो नेमका कुठं आहे ते लगेच सापडतं. चौदाव्या स्लाइडवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: दोष शोधा, भाग बदला.

समितीनं चौदावं पान मोठ्यानं वाचून घेतलं.

“म्हणजे डबा,” उत्तमराव म्हणाले.

“कसला डबा?”

“एक डबा गरम झाला म्हणून गाडी रद्द करत नसतात. डबा काढायचा, दुसरा लावायचा, गाडी सोडायची. हेच म्हणायलास ना?”

मी म्हणालो, हेच.

“मग चौदा पानं कशाला लावली बाबा,” असं म्हणून त्यांनी हात लांब केला आणि प्रस्ताव मंजूर झाला. माझी तेरा पानं वाया गेली, पण प्रकल्प सुरू झाला.

तो पहिल्याच दिवशी अडला, कारण आमच्या सेटवर नावं आहेत.

आमच्याकडे घरातलं कुणी गेलं की पुण्यस्मरणाला विहाराला काहीतरी दान देतात आणि त्या वस्तूवर लाल ऑइलपेंटनं नाव घालतात. दिवंगत माणसाच्या नावामागे ‘कालकथित’ लिहायचं, पुढे ‘यांच्या स्मरणार्थ’. पंखे, खुर्च्या, पाण्याचा पिंप, चपलांची मांडणी, सगळ्यांवर कुणी ना कुणी आहे. सेटही असाच जमलेला. ॲम्प्लिफायर म्हणजे आमच्या गल्लीतल्या गीतावहिनींचे सासरे. माइक म्हणजे नागसेनकाकांचे वडील. आणि मी ॲम्प्लिफायरची वायर काढल्यावर गीतावहिनी दारातून म्हणाल्या, “आमच्या मामाजींना कुठं घेऊन चाललास?”

मी त्यांना चौदावी स्लाइड समजावून सांगितली.

“म्हणजे मामाजींत दोष आहे?”

“मामाजींत नाही वहिनी, ॲम्प्लिफायरमध्ये. त्याच्यातून घूं असा आवाज येतो.”

“ते हयात होते तेव्हाही घूं करायचे,” त्या म्हणाल्या. “त्यांना कुणी बदललं नाही.”

पहिला अर्ज त्याच संध्याकाळी आला. दुसरा नागसेनकाकांचा. मागे ऐकू येत नाही ही तक्रार त्यांचीच, आणि वडिलांच्या माइकला हात लावू नये हा अर्जही त्यांचाच. तक्रारही त्यांनी आता लेखी दिली, आणि दोन्हींवर एकाच दिवसाची तारीख घातली. समितीनं तातडीची बैठक घेऊन ठराव केला की, स्मरणार्थ आलेला भाग काढायचा असेल तर कालकथितांच्या वारसाचं ना-हरकत पत्र जोडावं. नमुना मीच तयार करून दिला. नमुना तयार करण्यात आमच्या पिढीचा हात कुणी धरू शकत नाही.

सगळ्यात अवघड गेलं दत्तोबांचं. दोन कर्ण्यांपैकी एक दत्तोबांनी दिलेला. त्यावर लिहिलंय, ‘कालकथित दत्तोबा यांच्या स्मरणार्थ’. अडचण एवढीच, की दत्तोबा हयात आहेत. दर रविवारी दुसऱ्या रांगेत, बरोबर त्या कर्ण्याखाली बसतात. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी वडिलांच्या नावानं कर्णा दिला. पेंटरनं दात्याचं नाव आणि दिवंगताचं नाव यांत फरक केला नाही. दत्तोबांनी तेव्हाच दुरुस्तीचा अर्ज दिला होता. तो विचाराधीन आहे.

“मीच देतो की ना-हरकत,” दत्तोबा म्हणाले.

उत्तमरावांनी ठराव पुन्हा वाचला. “वारसाची सही पाहिजे.”

“अरे, मी स्वतः बसलोय ना इथं.”

“बसलाय हे दिसायलंय. पण ठरावात स्वतःची सही चालते असं नाही. उद्या कुणी विचारलं, कालकथितानं सही कशी केली, तर मी काय उत्तर देऊ?”

शेवटी दत्तोबांच्या मुलीनं, शिल्पानं, वारस म्हणून सही केली आणि साक्षीदार म्हणून दत्तोबांनी. तो कागदही फायलीत आहे. दत्तोबा त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या परिस्थितीत मीही बोललो नसतो.

गीतावहिनींनी मात्र ना-हरकत दिली नाही. मी कोठीच्या गुजराती गल्लीत खाजाभाईंच्या दुकानात गेलो. खाजाभाई चाळीस वर्षं ॲम्प्लिफायरची पोटं फाडतायत. त्यांनी आमच्या ॲम्प्लिफायरचा फोटो पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

“पूरा सेट नया ले लो मियां. ये क्या म्यूझियम खोलके बैठे?”

मी नावांची भानगड सांगितली. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

“हौ. तो फिर नाम को हात नक्को लगाओ. डब्बा वैसाच रखो, अंदर का माल बदल डालो. बाहर के खटके वोच, पीछे के सॉकेट वोच. किस को मालूम होता?”

माझी चौदा पानं उत्तमरावांनी एका डब्यात बसवली होती. खाजाभाईंनी तो डबाही वाचवला. जोड तोच, नाव तेच, आत नवीन. मी गीतावहिनींना विचारलं, डबा जागेवर राहिला तर चालेल का? त्या म्हणाल्या, नाव पुसलं नाही म्हणजे झालं. खाजाभाईंनी आतलं सगळं काढून आगपेटीएवढा नवा बोर्ड बसवला. घूं बंद झालं. मी अभिमानानं ॲम्प्लिफायर परत आणला.

गीतावहिनींनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“मामाजी हलके झालेत.”

मी सांगितलं की नव्या तंत्रात वजन कमी लागतं.

“अठरा किलोचा माणूस होता हा. काय काय काढून विकलंस यातलं?”

तंत्रज्ञानाची प्रगती वजनावर मोजू नये, हे मी त्यांना अर्धा तास सांगितलं. तिसरा अर्ज आला. शेवटी शेजारच्या बांधकामावरून चार विटा आणल्या, फडक्यात गुंडाळून डब्यात बसवल्या, आणि वजनकाट्यावर अठरा किलो भरल्यावर गीतावहिनी घरी गेल्या. पुढं असं दिसून आलं की हलका असताना कुणाचाही धक्का लागला की ॲम्प्लिफायर सरकायचा आणि वायर ढिली व्हायची. विटांनंतर ते बंद झालं. आमच्या सगळ्या यंत्रणेत पहिल्याच आवृत्तीत स्थिर निघालेला भाग म्हणजे त्या विटा.

मग दर रविवारी मी एक वही घेऊन मिक्सरपाशी बसायला लागलो. कुठला आवाज, कुठल्या मिनिटाला, कुठल्या भागातून, ते लिहायचं. पहिल्या रविवारी तेवीस तक्रारी होत्या. त्यातल्या नऊ नागसेनकाकांच्या, आणि त्यातही दोन पंख्याबद्दल. एकेक भाग वेगळा करून तपासला की दोष खरंच हाती लागायचा. खरखर मिक्सरच्या तिसऱ्या खटक्यात होती. शिट्टी उजव्या कर्ण्याच्या तोंडाची दिशा चुकल्यामुळे होती. म्हणजे दत्तोबा आत्याकडे तोंड करून होते, त्यांना भिंतीकडे वळवलं. तेवीसच्या चौदा झाल्या, चौदाच्या आठ.

मध्ये एक धक्का बसला. नागसेनकाकांच्या वडिलांच्या माइकमध्ये, बाहेरची जाळी तीच ठेवून, मी बिनवायरचं यंत्र बसवलं. त्या रविवारी ध्यान चालू होतं. साठ माणसं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देऊन बसली होती, आणि दोन्ही कर्ण्यांमधून एक भारदस्त आवाज आला, “मर्दाने में खाना लग गया है, तशरीफ लाइए.”

शेजारच्या फंक्शन हॉलमध्ये लग्न होतं, पुरुषांकडे पंगत मांडली होती, आणि त्यांचा माइक आमच्याच चॅनेलवर होता. ध्यान मोडलं नाही असं सगळ्यांनी नंतर सांगितलं. पण चार जण उठून उभे होते ते मी पाहिलं. पलीकडे लग्नात काय ऐकू गेलं असेल याची मी चौकशी केली नाही. पूर्वी असं काही झालं असतं तर सगळा सेट महिनाभर कुणाच्या तरी दुकानात पडला असता. आता मी चॅनेल बदलला, दहा मिनिटांत प्रश्न मिटला. त्या संध्याकाळी चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे अर्ज आले, पण तंत्र म्हणून तो माझा विजय होता.

एप्रिलच्या मध्यापर्यंत तक्रारी शून्यावर आल्या. सेट इतका स्वच्छ झाला की आत्यानं माइकसमोर नुसता पदर सावरला तरी शेवटच्या रांगेत कळायचं. नागसेनकाकांनी हात वर केला, आणि बोलण्यासारखं काही नाही म्हणून केसांवरून फिरवून खाली घेतला.

आणि त्याच रविवारी घोटाळा झाला.

आत्याचा आवाज पहिली चार-पाच मिनिटं चांगला निघतो. त्यानंतर तो बारीक होतो, मग नुसता श्वास उरतो, मग थोडा वेळ काहीच नाही, मग परत येतो. आधी हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण मध्ये मामाजी घूं करत होते. खरखर होती, शिट्टी होती, लोक सेटला नावं ठेवायचे आणि आपापलं म्हणत राहायचे. आता झाकायला काही उरलं नव्हतं. पूर्वी आत्याचा आवाज ऐकू येत नव्हता. आता तो ऐकू न येणं दोन्ही कर्ण्यांतून स्पष्ट ऐकू यायला लागलं. मी आवाज वाढवला तर श्वास वाढला. त्रिशरण आणि पंचशील झालं, आणि पुढची वंदना निम्मीशी तशीच, श्वासावर गेली.

वंदना संपल्यावर उत्तमराव माझ्याजवळ आले. त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा अजिबात नव्हता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

“संघपाल, ॲम्प्लिफायर चांगला?”

“चांगला.”

“मिक्सर?”

“चांगला.”

“कर्णे, माइक, वायरी?”

“सगळं चांगलं.”

“मग तूच सांग, गरम डबा कुठला?”

मी वही मिटली. चौदावी स्लाइड मी लिहिली होती. सगळे भाग एकेक करून निर्दोष सिद्ध करत करत मी बोट आणून ठेवलं होतं ते स्वतःच्या आत्यावर, आणि तेही वहीत तारीखवार नोंदी करून. आत्या चपला घालत होती. तिनं हे ऐकलं होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “सेट छान झाला बघ,” आणि जिना उतरून गेली.

पुढच्या रविवारी चाचणी म्हणून रेकॉर्डिंग लावलं. उत्तमरावांनी स्वतः मोबाइल आणून जोडला. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. आत्या पहिल्यांदाच दुसऱ्या रांगेत, दत्तोबांच्या शेजारी बसली. रंगीत साडी नेसून आली होती.

रेकॉर्डिंगमधल्या गृहस्थांना कुठंतरी जायचं असावं. ते ओळ म्हणत आणि लगेच पुढची घेत. आमच्याकडे ओळ संपली की आत्या थांबते. दत्तोबांचा दम परत येईपर्यंत, मागच्या रांगेतल्या बायकांचं म्हणणं पूर्ण होईपर्यंत. ती किती थांबते हे कुणी कधी मोजलं नव्हतं. पाचव्या मिनिटाला हॉल एक ओळ मागे पडला, आठव्या मिनिटाला एक कडवं. लोक मोबाइलकडे पाहायला लागले, जणू तो नजर वर करील आणि थांबेल. बाराव्या मिनिटाला रेकॉर्डिंग संपलं. हॉल अजून धम्मवंदनेत होता.

इतक्या चांगल्या सेटवर शांतताही फार स्पष्ट येते.

“जरा सावकाश म्हणणारं रेकॉर्डिंग शोधू,” उत्तमराव म्हणाले.

तेव्हा आत्या उठली. माइकशिवायच बोलली, पहिल्या पाच मिनिटांत होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

“रेकॉर्डिंग नक्को. लाइनवर पलीकडे माणूस आहे का नाही, हे आधी ऐकावं लागतं. ते ह्याला येत नाही.” मग ती माझ्याकडे वळली. “आणि तू काय रे, भाग बदला, भाग बदला लावलंस. आमच्या एक्स्चेंजमध्ये यंत्रातलं महत्त्वाचं प्रत्येक कार्ड जोडीनं असायचं. एक चालू, एक तयार. चालू असलेलं थकलं की तयार असलेलं उचलायचं, गिऱ्हाइकाला खट् सुद्धा ऐकू नाही जायचं. पहिलं सावरलं की परत त्याच्या जागी. चालू कार्ड आधीच उपसून ठेवणाऱ्याला आमच्याकडं मेमो मिळायचा. हे तुझ्या चौदा पानांत कुठं आहे?”

नव्हतं. कंपनीत याच विषयावर मी रोज मीटिंगा लावतो, तरी नव्हतं.

“मी थकते, कबूल आहे,” आत्या म्हणाली. “मला जोडी द्या. उत्तमराव, या, बसा. तीस वर्षं पुढच्या रांगेत बसायलात. तुम्हाला तर पाठच असणार.”

“पाठच आहे,” उत्तमराव म्हणाले, आणि माइकसमोर बसले.

त्यांनी घसा साफ केला. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. थोड्या वेळानं त्यांच्या तोंडून पहिल्या ओळीचा मागचा अर्धा भाग बाहेर पडला, आणि ते थांबले.

“आणि सुरुवातीचा अर्धा?” आत्यानं विचारलं.

“तो तुम्ही म्हणता ना.”

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण आमच्याकडे आत्या ओळ उचलते, आणि ती निम्म्यावर आली की सगळे तिला मिळतात. तीस वर्षांत उत्तमरावांनी कुठल्याच ओळीची सुरुवात केली नव्हती. नागसेनकाकांना हसू आलं. आत्यानं त्यांना बोलावलं. त्यांच्याकडेही मागचेच अर्धे निघाले. गीतावहिनींना तीन ओळी सुरुवातीपासून आल्या, पण त्या वेगवेगळ्या वंदनांतल्या होत्या. मग आत्यानं मला बोलावलं. मी तर तिच्याच घरात वाढलोय. माझ्याकडे मागचा पाव भाग निघाला.

साठ माणसांच्या विहारात ओळींच्या सुरुवाती फक्त एका बाईकडे होत्या, आणि त्या बाईला आम्ही आराम देणार होतो. मी वहीत लिहिण्यासाठी पेन उघडलं, पण हे कुठल्या भागाखाली घालावं ते कळेना.

पौर्णिमेला तीन आठवडे होते. आत्यानं जोडीला उत्तमरावच मागितले. “गाडीच्या शेवटच्या डब्यातून इंजिनापर्यंत आवाज पोचवलाय ह्यांनी. पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत पोचवायला काय.” उत्तमराव म्हणाले, अध्यक्षाला हे शोभत नाही. आत्या म्हणाली, मग पौर्णिमेला चारशे लोकांपुढे मागचा अर्धा म्हणा, ते शोभेल.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला उत्तमराव आमच्याकडे यायला लागले. मी ऑफिसातून लवकर येऊन हे नुसतं ऐकायचो, कारण माझी वही आत्यानं काढून घेतली होती आणि तिच्यात ती उत्तमरावांच्या चुका लिहायची. पहिल्या दिवशी एकोणतीस. ते प्रत्येक ओळ अशी म्हणायचे की गाडी क्रमांक आणि फलाट पुढे येणार असं वाटावं. कडवं संपलं की हात लांब करायचे.

“हात खाली,” आत्या म्हणायची. “इथून कुठली गाडी सुटत नाही.”

“सवय आहे हो, पार्वतीबाई.”

“मलाही ‘होल्ड ऑन प्लीज’ म्हणायची सवय होती. म्हणते का मी वंदनेत?”

दुसऱ्या आठवड्यात एकोणतीसच्या बारा झाल्या. गंमत म्हणजे चुका पुसल्या जात होत्या त्या एकेक करून, जशा मी सेटच्या पुसल्या होत्या तशाच. श्वास कुठं घ्यायचा ते आधी बसलं, मग थांबणं, मग उच्चार. एकदा सुधारलेलं परत बिघडायचं नाही. उत्तमराव मध्येच म्हणाले, “तुम्ही प्रत्येक ओळीनंतर किती वेळ थांबता हो. मला वाटायचं तुम्ही विसरता.”

“दत्तोबा श्वास घेतात तोवर थांबते.”

“आणि ते आले नाहीत त्या दिवशी?”

“तरी थांबते. सवय मोडली तर ते आल्यावर पंचाईत.”

दुसऱ्या दिवसापासून उत्तमराव पावणेसहालाच यायला लागले, आणि समितीच्या बैठकीत रेकॉर्डिंगचा विषय कुणी काढला तर ‘तांत्रिक दृष्ट्या अव्यवहार्य’ असं म्हणायला लागले. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वहीत चुका शून्य होत्या. आत्यानं तारीख घालून खाली सही केली.

पौर्णिमेला हॉल भरून लोक जिन्यावर बसले. हिमायतनगर, सिकंदराबाद, कुठून कुठून आले होते. आत्या पांढरी साडी नेसून मधल्या माइकवर, शेजारी दुसऱ्या माइकवर उत्तमराव, पांढरा शर्ट, हात मांडीखाली दाबून. मी मिक्सरवर, आवाज वर-खाली करणाऱ्या खटक्यांपाशी. एका खटक्यावर आत्या, एका खटक्यावर अध्यक्ष.

पहिली पाच मिनिटं आत्यानं अशी काढली की जिन्यावरची माणसं आत डोकावली. सहाव्या मिनिटाला तिचा आवाज बारीक झाला. तिनं हात जरासा उचलला. उत्तमरावांनी पुढची ओळ उचलली, सुरुवातीपासून, आणि संपल्यावर थांबले. दत्तोबांनी श्वास घेतला. पुढची ओळ. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. कुणी मान वर केली नाही, कुणी शेजाऱ्याला काही विचारलं नाही. आत्या पाणी प्यायली, डोळे मिटून दोन मिनिटं बसली, आणि परत घेतलं. मग परत दिलं. मग परत घेतलं. चारशे माणसांना खट् सुद्धा ऐकू गेलं नाही.

शेवटचं कडवं आत्याचं ठरलं होतं. त्याआधीचं उत्तमरावांचं. ते संपलं, आत्यानं श्वास भरून घेतला, माइक जवळ ओढला, आणि उत्तमरावांनी शेवटचं कडवं सुरू केलं.

हा दोष सरावात एकदाही आला नव्हता. त्यांचे डोळे मिटलेले होते. चेहरा शांत, मान किंचित डोलतेय, तीस वर्षांत न म्हटलेल्या सगळ्या सुरुवाती एकदम मिळाल्यासारखे ते म्हणत होते. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. तिनं कोपरानं हलकेच ढोसलं. त्यांना वाटलं, प्रोत्साहन आहे. त्यांनी आवाज चढवला. मग आत्यानं माझ्याकडे पाहिलं. काही खूण केली नाही, नुसतं पाहिलं.

मी समितीच्या अध्यक्षांचा खटका हळूहळू खाली घेतला आणि आत्याचा वर. मध्ये कुठं तुटलं नाही. आत्यानं दुसऱ्या ओळीवर घेतलं आणि शेवटपर्यंत नेलं, आवाज एकदाही बारीक न होता. शेजारी उत्तमराव, माइक बंद, पूर्ण तन्मयतेनं, तेच कडवं तिच्याबरोबर संपवत होते.

सगळे उठले, खिरीच्या रांगा लागल्या. उत्तमराव घाम पुसत आत्याजवळ आले.

“पार्वतीबाई, बाकी कसंही झालं असेल,” ते म्हणाले, “पण शेवटचं कडवं मला फार चांगलं साधलं.”

“हौ,” आत्या म्हणाली. “मी ऐकलं ना.”